सोडणं म्हणजे सोडवणं नव्हे



दशलक्षण पर्व जवळ आलं की आपल्या महिला मंडळांत जीवदयेचा विषय निघतोच, आणि तो निघायलाच हवा. कुणी गोशाळेला चारा देतं, कुणी पाखरांसाठी ज्वारी-बाजरीची पोती देतं, कुणी बाजारातून पक्षी विकत घेऊन त्यांना मोकळं करतं. आज मला या शेवटच्या प्रकाराबद्दल लिहायचं आहे, आणि त्यातही फक्त बदकांबद्दल.

माझं मत आधीच सांगून टाकते. बाजारातून आणलेलं किंवा कुणाच्या घरी नकोसं झालेलं पाळीव बदक तलावात सोडून देणं ही जीवदया नाही. त्याला नीट घर शोधून देणं ही जीवदया. पहिलं काम पाच मिनिटांत होतं, फोटोही छान येतो. दुसऱ्याला महिना लागतो आणि फोटो काढण्यासारखं त्यात काही नसतं. म्हणून पहिलं जास्त होतं आणि दुसरं फार कमी.

ही बदकं येतात कुठून, ते आधी पाहू. नातवाच्या वाढदिवसाला कुणीतरी दोन पिवळी पिल्लं आणतं. कधी आठवडी बाजारात रंगवलेली पिल्लं मिळतात. कुणाला फार्महाऊसवर शोभेला हवी असतात. पिल्लू आठ दिवस घरभर मागे मागे फिरतं, सगळ्यांना गंमत वाटते. पण पांढऱ्या जातीचं बदक दीड-दोन महिन्यांत पूर्ण वाढतं. मग त्याचा आवाज खुपायला लागतो, घाण खुपायला लागते, शेजारी तक्रार करतात. एके दिवशी संध्याकाळी त्याला पिशवीत घालून तलावावर नेतात. "बदकच आहे, पाण्यात सुखात राहील," असं म्हणून घरी येऊन सगळे शांत झोपतात.

सुखात राहत नाही, ते का, हे नीट समजून घेऊ या.

आपल्या तलावांवर हळदी-कुंकू बदक दिसतं ना? चोचीच्या टोकाला पिवळं आणि कपाळाजवळ लाल ठिपके, म्हणून ते नाव. ते रानातलं बदक आहे. पाणी आटलं तर ते दुसऱ्या तलावावर उडून जातं, कुत्रं आलं तर भरारी घेतं. त्याचा करडा-तपकिरी रंग गवतात मिसळून जातो. आपण सोडतो ते पांढरंशुभ्र जाड बदक म्हणजे बहुधा पेकिन, मूळची चीनमधली जात. माणसाने कित्येक पिढ्या मांसासाठी वाढवून त्याचं अंग इतकं जड केलंय की त्याला उडता येत नाही. पंख आहेत, पण ते नुसते फडफडतात. अंधारात त्याचा पांढरा रंग लांबून दिसतो. भटकी कुत्री आणि मुंगूस यांच्यासाठी ते ताटात वाढल्यासारखंच.

आणि खाणं? लहानपणापासून भांड्यातलं धान्य खाल्लेल्या जीवाला तलावात पुरेसं अन्न शोधणं जमेलच असं नाही. मग ते येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघत काठावर बसतं. आपण प्रेमाने पाव, खारी, फरसाण टाकतो. त्याने पोट भरतं, पोषण होत नाही. वाढत्या वयात असं खाणं मिळालं तर पंखाचा शेवटचा सांधा बाहेरच्या बाजूला वळून राहतो, आणि एकदा पक्का झाला की सुधारत नाही. न खाल्लेला पाव पाण्यात कुजतो. उन्हाळ्यात पाणी कमी आणि गरम झालं की अशा सडक्या पाण्यातून विषबाधा होते. आधी पाय ओढतं, मग मान टाकतं, मग संपतं. लोक म्हणतात, "उन्हामुळे गेलं."

तलावातल्या रानपक्ष्यांचाही विचार करायला हवा. पाळीव बदकांचे आजार त्यांना लागू शकतात. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला आणि २०२१ मध्ये परभणीकडे, तेव्हा किती कोंबड्या मारून पुराव्या लागल्या, ते आपण टीव्हीवर पाहिलं आहे. बदकाच्या अंगात तो विषाणू असूनही बदक दिसायला ठणठणीत असू शकतं. एका जीवावर दया करताना शेकडो जिवांना धोका होत असेल तर ती दया कसली?

आता धर्माकडे येऊ, कारण मंडळात माझं म्हणणं मांडलं तेव्हा सगळ्यात जास्त वाद तिथेच झाला.

एक ज्येष्ठ अक्का म्हणाल्या, "मृगसेन धीवराने पहिला मासा सोडला, त्याचं केवढं पुण्य सांगितलंय!" कथा आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. मुनींकडून त्याने नियम घेतला की जाळ्यात येणारा पहिला मासा सोडायचा. दिवसभर तोच मासा पुन्हा पुन्हा जाळ्यात आला आणि प्रत्येक वेळी त्याने तो सोडला. कथा मलाही फार प्रिय आहे. पण मृगसेनाने मासा सोडला तो त्याच्याच पाण्यात. तो मासा घरी गेला. आपण बदक सोडतो ते त्याच्या घरी नाही. तलाव हे त्याचं घर कधीच नव्हतं. ते खुराड्यात जन्मलं, माणसाच्या हातचं खाऊन वाढलं. मृगसेनाचं पुण्य आपल्याला हवं असेल तर आधी ज्याचं त्याला घर द्यायला हवं.

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठशाळेत पाठ केले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. शेवटच्याकडे बघा. जो प्राणी आपल्या आश्रयाला आहे त्याचं अन्नपाणी अडवणं, हा व्रताला लागलेला दोष सांगितला आहे. जो जीव स्वतःचं अन्न मिळवू शकत नाही, त्याला ताटापासून उठवून काठावर बसवायचं, हे अन्नपाननिरोधाहून वेगळं कसं, हे मला कुणी समजावून सांगावं. कोंडून उपाशी ठेवलं काय नि मोकळं सोडून उपाशी ठेवलं काय, पोटाला फरक कळत नाही.

एक वहिनी म्हणाल्या, "मग जाळीत ठेवणं हा बंध नाही का?" प्रश्न चांगला होता. माझं उत्तर असं: रात्री आपण आपल्या घराला आतून कडी लावतो, त्याला कोणी कैद म्हणत नाही. दिवसभर अंगणात-पाण्यात हिंडू द्यायचं आणि अंधार पडताना कुत्र्या-मुंगसापासून वाचवायला दार लावायचं, यात राखण आहे, क्लेश नाही. हातभर पिंजऱ्यात चोवीस तास ठेवलं तर मात्र तो बंधच, त्याला माझाही विरोध आहे.

चार दानं आपण आहार, औषध, ज्ञान आणि अभय अशी म्हणतो. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात चौथ्या जागी 'आवास' आहे. तिथे संदर्भ मुनींच्या वैयावृत्त्याचा आहे, हे मला माहीत आहे. तरी मला त्यातून एक गोष्ट शिकावीशी वाटते. राहायला सुरक्षित जागा नसेल तर अभय हा नुसता शब्द राहतो. हात मोकळा केला म्हणजे अभय दिलं असं होत नाही.

दिल्लीत लाल किल्ल्यासमोर आपल्या दिगंबर जैन लाल मंदिरात पक्ष्यांचं धर्मादाय रुग्णालय आहे, १९२९ पासूनचं. तिथे पक्ष्यावर आधी उपचार होतात, त्याला जपतात, आणि उडण्याजोगा झाला की मग आकाशात जाऊ देतात. क्रम लक्षात घ्या. ज्याला उडताच येत नाही त्याच्यासाठी मोकळं सोडणं हा शेवटचा टप्पा असूच शकत नाही.

आता थोडं हिशेबाचं, कारण माझं बी.कॉम. कधीतरी कामाला यायला हवं. आमच्या मंडळात प्रस्ताव होता की पर्वात वीस बदकं विकत घेऊन तलावात सोडायची. एकाचे तीनशे धरून सहा हजार रुपये. मी विचारलं, "विकणारा पुढच्या आठवड्यात काय करील?" तो आणखी वीस मागवील, कदाचित चाळीस, कारण दरवर्षी या दिवसांत आपल्यासारखं गिऱ्हाईक येतं हे त्याला कळलेलं असेल. मागणी वाढली की पुरवठा वाढतो, हे कॉलेजच्या पहिल्या वर्षी शिकवतात. आपण वीस जीव सोडवले असं नोंदवायचं आणि पुढचे चाळीस आपल्याच पैशातून पिंजऱ्यात आले ते मात्र कुठल्याच वहीत लिहायचं नाही. अशा ताळेबंदावर मी तरी सही करणार नाही.

दुसरी बाजूही मांडते. मोठ्या बदकाला दिवसाला साधारण दीडशे ग्रॅम धान्य लागतं. महिन्याचं साडेचार किलो, वर्षाचं चोपन्न. मका, ज्वारी, तांदळाची कणी मिळून किलोला पस्तीस रुपये धरले तर वर्षाचे १८९० रुपये. म्हणजे त्याच सहा हजारांत आधीच टाकून दिलेल्या तीन बदकांना वर्षभर पोटभर खायला मिळतं. आणि बदक आठ-दहा वर्षं सहज जगतं. पिल्लू घेणाऱ्याने आणि सोडणाऱ्यानेही हा आकडा मनात ठेवावा.

नुसतं बोलून काय उपयोग, म्हणून आम्ही काय केलं तेही सांगते. गेल्या उन्हाळ्यात आमच्या वसाहतीजवळच्या तळ्यात पाच पांढरी बदकं कुणीतरी सोडली होती. आठवड्यात एक कुत्र्यांनी नेलं, पायऱ्यांवर पिसं पडली होती. उरलेल्या चारांपैकी एक लंगडत होतं. मी, शेजारच्या वहिनी आणि त्यांच्या दोन्ही सुना, अशा आम्ही चौघींनी ठरवलं की यांना इथून काढायचं.

आठ दिवस रोज संध्याकाळी पाच वाजता एकाच जागी, भिंतीच्या कोपऱ्यात, ज्वारी टाकली. हळूहळू ती आमची वाट पाहायला लागली. नवव्या दिवशी वहिनींच्या सासूबाईंचं जुनं नऊवारी लुगडं आडवं ताणून त्याची भिंत केली आणि हळूहळू पुढे सरकत चौघांना कोपऱ्यात घेतलं. धावपळ नाही, आरडाओरडा नाही. बदकाला पायाने किंवा पंखाने कधी उचलू नये, पाय लगेच दुखावतात. दोन्ही पंख अंगाशी धरून, खालून हाताचा आधार देऊन उचलायचं. भोकं पाडलेल्या खोक्यात खाली पाचट घालून घरी आणलं. मागच्या परसात दोन आठवडे वेगळं ठेवलं. पशुवैद्यांनी लंगड्याचा तळपाय पाहिला, खडबडीत फरशीने त्याला गळू झालं होतं. मऊ पाचट आणि औषधाने ते बरं झालं.

खरं काम पुढेच होतं. पहिला माणूस बदकं घ्यायला लगेच तयार झाला. मी विचारलं, "करणार काय?" तो हसून म्हणाला, "काकू, बदकाचं काय करतात?" दुसरीकडे पर्यटकांच्या फोटोसाठी हवी होती, रात्रीची सोय काही नव्हती. गोशाळेने जागा नाही म्हणून सांगितलं, आणि त्यांचंही खरं होतं, गाईंच्या पायांत बदकं कुठे ठेवणार? शेवटी शिरोळ तालुक्यातलं आपल्याच समाजातलं एक शेतकरी कुटुंब मिळालं. त्यांचं शेततळं होतं. आम्ही जाऊन पाहिलं तर तळ्याला प्लॅस्टिकचा कागद, कडा उभ्या नि गुळगुळीत. न उडणारं बदक त्यात उतरलं तर बाहेर येऊच शकत नाही, पोहून पोहून थकून बुडतं. त्यांनी ऐकून घेतलं, एका बाजूला जाड दोर आणि पोती बांधून चढायला उतार केला, रात्रीसाठी जाळीचं दार असलेलं खुराडं बांधलं. मग दोन माद्या तिकडे गेल्या. दोन्ही नर दुसऱ्या एका ओळखीच्या मळ्यात गेले.

नर-माद्या वेगळ्या का केल्या, हे विचाराल. हा प्रश्न आपल्या घरांत फार महत्त्वाचा आहे. मादी नराशिवायही अंडी घालते, पण त्यातून पिल्लू होत नाही. नर सोबत असला की पिल्लांचा प्रश्न येतो, आणि अंड्यांचं काय करायचं हा आपल्यासाठी मोठा धर्मप्रश्न होतो. शिवाय माद्या कमी आणि नर जास्त असले की नर त्यांना जखमी करतात. म्हणून पहिल्याच दिवशी वेगळं करावं. ओळखायला सोपं आहे: नराच्या शेपटीवर एक-दोन पिसं वर वळलेली असतात आणि आवाज बसका असतो. मोठ्याने क्वॅक क्वॅक करते ती मादी. पण एकटं मात्र कुणालाच ठेवू नये, सोबत नसली तर बदक झुरतं.

"ती शेतात किडे, गोगलगाई खातात, मग आपण त्यांना पोसायचं कसं?" हाही प्रश्न आला. तो तिर्यंच जीवाचा स्वभाव आहे, तो आपण बदलू शकत नाही. वेळेवर धान्य-भाजी देऊन पोट भरलेलं ठेवणं आपल्या हातात आहे. पण म्हणूनच मी म्हणते की हौसेने नवीन बदक आणूच नये. जी आधीच टाकलेली आहेत त्यांच्यापुरतीच आपली जबाबदारी धरावी.

आणखी कुणी "ज्याचं त्याचं कर्म" म्हणालं, तर माझं उत्तर छोटं आहे. त्याचं कर्म त्याला भोगू दे, पण ते बदक तुमच्या नजरेला पडलं त्या घटकेला तुम्ही काय करता, ते तुमचं कर्म.

तुमच्या गावच्या तळ्यावर अशी बदकं दिसली तर एवढं करा. आधी नीट पाहा की ते पाळीवच आहे. रानबदकांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, त्यांना धरू नये. ते जखमी दिसलं तर वनखात्याला कळवावं. एकाच वेळी बरीच बदकं मेलेली दिसली तर हात न लावता पशुसंवर्धन खात्याला सांगावं. पाळीव असेल तर पावाऐवजी ज्वारी, मका, भिजवलेले वाटाणे, चिरलेली पालेभाजी द्यावी. नवीन घराला पाच गोष्टी विचाराव्यात: डोकं पूर्ण बुडेल इतकं पाणी आहे का, कारण डोळे आणि नाक ते तसंच साफ करतं; रात्री दार लागणारी जागा आहे का; सोबतीला दुसरं बदक आहे का; मांसासाठी किंवा विकण्यासाठी वापरणार नाही, असं लिहून देणार का; आणि आठ-दहा वर्षं सांभाळणार का. सहा महिन्यांनी एक फेरी मारावी, सांगून नव्हे, सहज.

कायद्याचंही सांगून ठेवते. प्राण्याला उपाशी-तहानलेलं राहील अशा जागी विनाकारण सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला त्यात दंड लिहिलाय दहा ते पन्नास रुपये. म्हणजे कायद्याच्या धाकाने कुणी थांबेल ही आशा नको. आपल्या बायका थांबल्या तर व्रतामुळे थांबतील.

आमच्या मंडळाचा निर्णय अजून झालेला नाही. पुढच्या रविवारी बैठक आहे. माझा प्रस्ताव लेखी दिला आहे: या वर्षी एकही पक्षी विकत घ्यायचा नाही. सहा हजार रुपये वेगळ्या खात्यात ठेवायचे, त्यातून दोन्ही मळ्यांतल्या चार बदकांच्या धान्याला हातभार लावायचा आणि जे उरतील त्यातून पुढच्या टाकलेल्या जीवाचा औषधाचा खर्च करायचा. पाठशाळेतल्या मुलांना एक ओळीचा नियम द्यायचा: वाढदिवसाला जिवंत भेट घ्यायची नाही नि द्यायची नाही.

काही जणी नाराज आहेत. त्यांना वाटतं, मी पर्वाचा उत्साह मोडते आहे. पण क्षमावणीच्या दिवशी आपण सर्व जिवांची क्षमा मागतो, त्यात तळ्याच्या काठावर बसलेलं ते पांढरं बदकही आलंच. क्षमा मागण्याआधी त्याच्या रात्रीची सोय झाली असेल तर मागताना मान जरा वर राहील.

तुमच्या मंडळात काय ठरतं, ते मला जरूर कळवा.

जय जिनेंद्र.